राजकारण फॅन्सनी आणलं?

युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेवरच्या लेखातलं "युरोव्हिजनमध्ये राजकारण फॅन्सनी घुसवलं" हे वाक्य अजिबात पटलं नाही. 2022 ला युक्रेनवर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी रशियाला बाहेर काढलं ते स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननेच ना? निर्णय बरोबरच होता, माझा त्याला पूर्ण पाठिंबा होता. पण मग 2024 ला स्वीडनमधल्या माल्मोत स्पर्धा झाली आणि लोक गाझावरून इस्रायललाही बाहेर का काढत नाही असं विचारायला लागले तेव्हा त्याच युनियनने "ही गाण्याची स्पर्धा आहे, राजकारण नको" म्हणायचं आणि पॅलेस्टाईनचा झेंडा हॉलमध्ये आणू द्यायचा नाही, मग माणूस चिडणारच.

आणि प्रेक्षक सहानुभूतीवर मतं देतात म्हणून त्यांना नावं ठेवू नका प्लीज. 2022 ला मी जर्मनीत होते, शेजारणीच्या किचनमध्ये बसून फायनल बघितली, तिच्याकडे युक्रेनमधल्या खारकिव्हहून आलेल्या मायलेकी राहत होत्या. युक्रेनचा गुलाबी टोपीवाला गायक स्टेजवर आला तशी ती पोरगी भांडी तशीच टाकून ओल्या हातांनी टीव्हीसमोर येऊन उभी राहिली, आईवरचंच गाणं होतं ते. एका प्रेक्षकाला जास्तीत जास्त वीस मतं देता यायची, मी वीसच्या वीस युक्रेनलाच दिली. प्रेक्षकांचे 439 पॉइंट मिळाले त्यांना, त्यात माझी मतं होती याचं मला आजही बरं वाटतं.