चौदा चौकोनांचा कागद

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या आठवड्यात पुन्हा लॉकडाऊनचा विषय निघाला. पाच वर्षं उलटली तरी निघतोच. एका वर्गमित्राने लिहिलं, "तुम्ही मेलबर्नवाले २६२ दिवस घरात काय बसलात, अजून तेच सांगत असता. आम्हाला बेभरवशाची सवय असते. लाईट कधी येईल, एसटी कधी येईल, पाऊस कधी येईल, काही ठाऊक नसतं. म्हणून आम्ही निभावून नेलं." खाली अंगठ्यांची रांग. मी मोठं उत्तर लिहिलं आणि खोडलं.

सवय कशाची म्हणता? २४ मार्च २०२०ला रात्री आठला सांगितलं आणि बाराला देश बंद. आधी २१ दिवस म्हणाले. मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. पहिल्या तारखेवर विसंबून ज्यांनी खोलीभाड्याचा आणि किराण्याचा हिशोब बसवला होता, ते शेवटी गावाकडे चालत निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. बेभरवशाचं जगणं त्यांना नवं होतं का? जन्मभर त्यांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं. त्यांच्यानंतर तरी या सवयीचा अभिमान कुणी मिरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

इकडे मेलबर्नमध्ये आमचा २०२०चा दुसरा लॉकडाऊन सगळ्यांत कडक होता. रात्री आठनंतर संचारबंदी, घरापासून ५ किलोमीटरच्या आतच फिरायचं, व्यायामाला एक तास, खरेदीला घरातलं एकच माणूस. पार्कातल्या झोपाळ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. माझी लेक त्या वर्षी प्रेपला, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्षाला होती. रोज विचारायची, झोपाळे कधी उघडणार? ऑगस्टभर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो महिना मला आजही धड आठवत नाही. एवढंच आठवतं की भांडी घासता घासता मी मधेच थांबून उभी राहायचे.

६ सप्टेंबरला आमच्या व्हिक्टोरिया राज्याचे प्रीमियर (मुख्यमंत्री) अँड्र्यूज यांनी निर्बंध टप्प्याटप्प्याने उठवायचा रोडमॅप मांडला. नव्या रुग्णांची १४ दिवसांची सरासरी ३० ते ५०वर आली की एक पायरी, ५च्या खाली गेली की पुढची. फारच कडक आहे म्हणून लोक चिडले. मला मात्र त्या रात्री कित्येक आठवड्यांनी सलग झोप लागली. दार कधी उघडेल ते कळलं नव्हतं, कशाने उघडेल ते कळलं होतं. फ्रिजवर चौदा चौकोनांचा कागद लावला. सकाळी आकडा आला की लेक एक चौकोन भरायची, मी सरासरी काढायचे. २६ ऑक्टोबरच्या चौकोनात तिने भलंमोठं शून्य काढलं.

ग्रुपवर मला हेच लिहायचं होतं. माणूस थांबायला तयार असतो, पण कशासाठी थांबायचं ते त्याला सांगावं लागतं. आपल्याकडेही जून २०२१मध्ये पॉझिटिव्हिटी दर आणि ऑक्सिजन बेड यांवरून पाच स्तर ठरवले, तेव्हा साताऱ्यात दुकान असलेला माझा दादा दर आठवड्याला जिल्ह्याचा आकडा बघायला लागला. फोनवर त्याचा आवाजसुद्धा बदलला होता. तेच वर्षभर आधी का झालं नाही, हा प्रश्न विचारायचा सोडून आपण आपल्या सोशिकपणाचं कौतुक करत बसतो.

उत्तर खोडलं त्याचं कारण वेगळं आहे.

एप्रिल २०२१. बाबा ऑक्सिजनवर होते. दादा रेमडेसिव्हिरसाठी पुण्यापर्यंत फिरत होता. रोज पहाटे त्याचा एकच मेसेज यायचा: ९१. ८८. ९०. मी पुन्हा चौदा चौकोन आखले आणि भरू लागले. त्या आकड्यांना कुठलीच पायरी जोडलेली नव्हती.

तेव्हा आम्हाला ऑस्ट्रेलियाबाहेर पडायलाही परवानगी लागायची. मी अर्ज केला. शुक्रवारी, २३ तारखेला, परवानगी आली. मी गेले नाही. घरी सांगितलं, मिळाली नाही.

भारतातून येणारी विमानं ऑस्ट्रेलियाने २७ तारखेला थांबवली. ३ मेपासून तर भारतातून येणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. आता कुणी विचारलं तर मी ही बंदीच पुढे करते आणि लोक हळहळतात. पण मी त्याआधीच ठरवलं होतं. गेले आणि परत येता आलं नाही तर लेकीचं काय, या एका विचारापाशी मी अडकले. ज्या देशाच्या नियमांनी मला झोप दिली, त्याच्या प्रवेशाच्या नियमांत आई-बाबा माझ्या 'इमिजिएट फॅमिली'त धरलेच जात नव्हते. ते धरले गेले १ नोव्हेंबर २०२१पासून. मी तेव्हा सरकारला खूप बोल लावले. आणि त्या शुक्रवारी मी स्वतःही तोच हिशोब केला होता.

बाबा सतराव्या दिवशी घरी आले. त्या सतरा दिवसांत सिलिंडरच्या रांगेत दादासोबत एक जण रोज उभा असायचा. ग्रुपवर तो मेसेज लिहिणारा तोच.

दादा हे वाचेल. परवानगीची मेल मी अजून डिलीट केलेली नाही.