घरातलं भांडण प्रांतांपुढे कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या 2007 च्या कायद्यावर मी लिहिलेला लेख वाचून तुम्ही सविस्तर आणि थोडं रागावून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माया कायद्याने येत नाही, असे लेख वाचून म्हातारी माणसं मुलांना कचेरीत खेचतात आणि घरं मोडतात, गावाकडच्या ज्या मुलाचं स्वतःचंच भागत नाही, तो आईबापाला दरमहा पैसे कुठून देणार, आणि सुनेला बाहेर काढायला हा कायदा वापरला जातो. यातले शेवटचे दोन मुद्दे मला पटतात, पहिले दोन अजिबात नाही.

आमच्या विरंगुळा केंद्रात मी लोकांना अर्ज लिहून देते. आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा पैशांचा नसतो. ‘मुलाला पोलीस तर नेणार नाहीत ना?’ हा असतो. एका आजींच्या अर्जात मी ‘मुलगा छळ करतो’ असं लिहिलं, तर त्यांनी ते वाक्य खोडायला लावलं. त्यांना हवं होतं काय? मागची खोली, नळाचं पाणी आणि बीपी-शुगरच्या गोळ्या. घर आधीच मोडलेलं असतं हो. त्यानंतर कितीतरी दिवस गप्प बसून माणूस आमच्याकडे येतो.

आणि कचेरीत गेल्या गेल्या कोणी बेड्या घालत नाही. या कायद्याखालचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणावर उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांत, बसतात. सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येतं आणि त्याने महिन्याभरात अहवाल द्यायचा असतो. 90 दिवसांत निकाल द्यावा, फार तर 30 दिवस वाढवावेत, असं कायदा म्हणतो. मुलीही जबाबदार आहेत, सज्ञान नातवंडंही. मायेची सक्ती या कायद्यात कुठेच नाही. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी एवढंच तो मागतो.

खरी गोम मालमत्तेत आहे, आणि तिच्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. आपल्याकडे महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. कागद होतो, फेरफार होतो, सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढतं. मग वागणूक बदलली, तर याच कायद्याच्या कलम 23 खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं, पण ‘सांभाळ करीन’ या अटीवर मालमत्ता दिली होती हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलं. दुसऱ्या एका प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला घर बक्षीस दिलं. शेवटपर्यंत सांभाळ करीन आणि न केल्यास आईने घर परत घ्यावं, असं वचनपत्र मुलाने वेगळ्या कागदावर दिल्याचं आईचं म्हणणं होतं. बक्षीसपत्रातच अट नाही, म्हणून उच्च न्यायालयात ती हरली. 2 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि ताबाही परत द्यायला सांगितला. एवढ्या लांब किती जणी पोचतील? म्हणून मी सांगत असते, अट बक्षीसपत्रातच घाला, वाटणीपत्रात घाला, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती वाचून दाखवणं सक्तीचं करा. हा बदल राज्य सरकारने मनावर घेतला तर होण्यासारखा आहे.

आता गरीब मुलाबद्दल. इथे तुम्ही बरोबर आहात. मुलाने आईबापाला दरमहा द्यायच्या भत्त्याची कमाल मर्यादा कायद्याने 10,000 रुपये ठेवली. ती काढून टाकणारं 2019 चं विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने 2024 मध्ये बारगळलं. पण मर्यादा काढली तरी मजुरी करणाऱ्या मुलाच्या खिशातून काय निघणार? तिथे सरकारने उभं राहायला हवं. केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन 60 ते 79 वयासाठी कित्येक वर्षं 200 रुपयांवर थांबलं आहे, ऐंशीनंतर 500. राज्याची श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजना धरून महाराष्ट्रात महिन्याला 1500 मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. म्हणजे महिन्याला 1750. शेतमजूर नवराबायकोसुद्धा यापेक्षा जास्त कमावतात आणि त्यांची म्हातारी आई अपात्र ठरते. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधारांसाठी वृद्धाश्रम हे कलम 19 मध्ये आहे, पण तिथे सरकारने ते काढावेत याची सक्ती नाही. मुलावर बंधन आणि सरकारला मुभा, हा अन्याय आहे, आणि मी त्याच्या विरोधात लिहीत राहणार.

सुनेचंही तसंच. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मिळालेला राहत्या घराचा हक्क ज्येष्ठांच्या 2007 च्या कायद्याच्या आडून हिरावता येणार नाही. नवरा निघून गेलेला आणि सासूसासरे अर्ज घेऊन आलेले, असं प्रकरण दिसलं की प्रांतांनी दोन्ही कायदे समोर ठेवूनच आदेश द्यायला हवा. अशा अर्जाला मी हात लावत नाही, सुनेचं म्हणणं आधी ऐकते.

21,000 ची अट आणि बक्षीसपत्रातली सांभाळाची अट, या दोन मागण्यांचं निवेदन आम्ही आमदारांना देणार आहोत. उत्पन्नाची मर्यादा किती असावी, यावर आमच्यातच मतभेद आहेत. तुमच्या गावात मजुरीवर जगणाऱ्या घराचा हिशेब तुम्ही जवळून बघता. आकडा तुम्ही सुचवा, मसुदा पाठवते.