तळणीचं खातं

इंदूरच्या माणसाला तळलेल्या पदार्थाचं नवल वाटत नाही. सकाळी जीरावन मसाला भुरभुरलेल्या पोह्यांबरोबर जिलेबी, थंडीत तळलेला गराडू कंद आणि रात्री सराफ्यात दागिन्यांच्या दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया मांडलेल्या. ताटभर पसरलेला जलेबा मागवायचा आणि वर ‘हल्ली भूकच लागत नाही’ म्हणायचं, ही इथली रीत. त्यामुळे अ‍ॅबर्डीनला, स्कॉटलंडमध्ये, शिकणारा भाचा मे महिन्यात आला आणि म्हणाला, “मामा, तिकडे चॉकलेट तळतात,” तेव्हा घरात कोणी दचकलं नाही. आईनं एवढंच विचारलं, “तेलात की तुपात?”

आमच्या घरी तळणीचं खातं माझ्याकडे आहे. हिच्या मते मी गप्प बसून करतो असं ते एकमेव काम. त्यामुळे भाच्यानं बॅगेतून कॅरमल भरलेल्या चॉकलेटचे ‘मार्स बार’ काढले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पोराची माहिती मात्र पक्की होती. अ‍ॅबर्डीनच्या दक्षिणेला स्टोनहेवन नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या मासे आणि बटाटे तळून विकणाऱ्या एका दुकानात 1992च्या सुमारास हा प्रकार पहिल्यांदा झाला असं मानतात. 1995 साली तो वर्तमानपत्रात आला आणि जगभर गाजला. पण कौतुक म्हणाल तर शून्य. 2012 साली खुद्द मार्स कंपनीनं दुकानाला कळवलं, की आमचा याला पाठिंबा नाही. 2015 साली तिथल्या कौन्सिलनं दुकानावरचा ‘तळलेल्या मार्स बारचं जन्मस्थान’ हा बॅनर उतरवायला सांगितला. आमच्या निगमानं तिथे सेल्फी पॉइंट केला असता, आणि शेजारी ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पेट्या.

“मासे तळतात त्याच कढईत?” आईनं विचारलं.

“वेगळ्या कढईत, आजी,” भाचा जमिनीकडे बघत म्हणाला. आईनं पुढे विचारलं नाही. परदेशात शिकणाऱ्या नातवाला काही गोष्टी माफ असतात, मुलाला नसतात.

कृती तशी सोपी. बार रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा. मैद्यात थोडं कॉर्नफ्लोर, चिमूटभर मीठ, चिमूटभर खायचा सोडा आणि गार पाणी घालून भज्यांपेक्षा जरा दाट पीठ भिजवायचं. गारठलेला बार आधी कोरड्या मैद्यात घोळवायचा, म्हणजे पीठ घसरत नाही. मग तो पिठात बुडवून 180 ते 190 अंशांच्या तेलात मिनिट-दीड मिनिट. वरचं पीठ फुलून खुसखुशीत होईतो आतलं चॉकलेट नुकतं मऊ पडतं.

फक्त ही कृती स्कॉटलंडच्या हवेची आहे. चॉकलेटमधलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर गॅस न पेटवताच चाळिशीला टेकलेलं असतं. म्हणजे बार फ्रीझरमधून ओट्यापर्यंत आणतानाच त्याला घाम फुटायचा. शिवाय फ्रीझरमध्ये जागा कुठे? थंडीत सोललेले मटार आईचे, आमरसाचे डबे हिचे, आणि तळाशी कोणाचं ते आता विचारायचं नाही असं एक पुडकं. मटारची एक पिशवी हलवायची परवानगी मिळवण्यात एक अख्खी दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी प्रेक्षक जमले. साडू ‘सहज’ आले. शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या आणि वाटी हातातच धरून उभ्या राहिल्या. भाच्यानं तेलात थर्मामीटर धरला. आईनं तेवढ्यात पिठाचा थेंब टाकला, तो सरळ वर आला, ती म्हणाली, “तापलं.” थर्मामीटर अजून विचार करत होता.

पहिला बार सोडला. सुरेख फुलला. सगळे ‘वा’ म्हणेपर्यंत एका कोपऱ्यात टाचणीएवढं भोक दिसलं, तिथून तपकिरी बुडबुडा आला, फुटला, आणि आतलं कॅरमल तारेसारखं तेलात सुटलं. साखर तळाशी जाऊन काळी पडली आणि धूर छताला.

मग सल्ले. साडू म्हणाले, “भिया, आच कमी करा.” काकू म्हणाल्या, आच वाढवा. ही म्हणाली, खिडकी उघडा. भाचा म्हणाला, पिठात बिअर घालतात. यावर आई खुर्चीवरून उठली.

“सारण पातळ होणारच. कड बंद हवी,” ती म्हणाली. तिनं मैद्यात कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट पीठ मळायला लावलं, बारचे तुकडे करवले, पारीत एकेक तुकडा ठेवला, कडेला दुधाचं बोट फिरवलं आणि मुरड घातली. तीस-पस्तीस दिवाळ्यांच्या करंज्यांनी तयार झालेली ती मुरड. तिच्यातून चॉकलेट तर सोडाच, हवा सुटली नसती. मी गाळलेलं तेल परत तापवलं, आच मंद ठेवली, आणि झाऱ्यानं तेल वरून सोडत राहिलो. एकही फुटली नाही.

चाळणीत निथळत ठेवल्या तेव्हा भाचा फोटो काढायला धावला. आईनं त्याचा हात अडवला. “दहा मिनिटं थांब. आत उकळतंय, जीभ जाईल.” काकूंनी वाटी पुढे केली, ती रिकामी न्यायची नसते म्हणे.

भाच्यानं चावा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, “आजी, हे तिकडच्यापेक्षा भारी आहे.” आईनं माझ्याकडे पाहिलं, जणू कढईसमोर तासभर भाजून निघालेला माणूस तिथे नव्हताच.

साडूंनी दोन खाल्ल्या, बोटं पुसली, आणि जरा विचार करून विचारलं, “जीरावन आहे का हो घरात?”

भाच्यानं कपाळाला हात लावला. हिनं डबा काढून दिला.