मोडलेला बगळा कुठे राहतो

परवा एका अनोळखी मुलाचा मेसेज आला. मी चार वर्षांपूर्वी लेगोच्या ठोकळ्यांचा एक बगळा बनवला होता, त्याचा फोटो त्याला कुठूनतरी मिळाला होता. त्याने विचारलं, "ताई, मान एवढी बारीक आहे तरी खाली कशी वाकत नाही? आत काय घातलंय?"

मला सांगता आलं नाही. बगळा मी केव्हाच मोडला होता. त्याचे पांढरे स्लोप, म्हणजे उतरते ठोकळे, एका जहाजाच्या शिडात गेले, पायांचे काळे बार, म्हणजे बारीक दांड्या, एका कुंपणात. मानेबद्दल आठवत होतं ते इतकंच की तिच्यात तीन संध्याकाळी गेल्या, दोनदा ती डोक्यासकट टेबलावर आपटली, आणि शेवटी क्लिपांच्या, म्हणजे दांडी पकडणाऱ्या चिमट्यांच्या, आतून काहीतरी आरपार घातलं तेव्हा कुठे थांबली. पण काय घातलं? बार की लवचिक नळी? फोटो उघडून मोठा केला. ज्या ॲपवर तो टाकला होता त्याने तो इतका दाबून लहान केला होता की मानेच्या जागी नुसते पांढरे चौकोन दिसत होते. मूळ फोटो जुन्या फोनबरोबर गेले. त्या फोटोला तेव्हा भरपूर लाइक्स मिळाले होते. "कसं केलं?" असं मात्र कोणीही विचारलं नव्हतं, त्यामुळे मीही कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय. आपण मॉक बनवतो, म्हणजे डब्यावरचं चित्र बाजूला ठेवून स्वतःच्या डोक्यातलं काहीतरी उभं करतो. मग ते ऑनलाइन टाकताना जागा कशी निवडायची?

बहुतेक जण सांगतात, जिथे जास्त लोक बघतील तिथे टाका. मला हे पटत नाही. आपल्या छंदात काम मोडावंच लागतं. १९५८ साली पेटंट घेतलेली ठोकळ्याच्या पोटातली ती नळी खालच्या ठोकळ्याच्या स्टडला, म्हणजे वरच्या गोल उंचवट्याला, घट्ट धरते आणि तितक्याच सहज सोडते, म्हणून तर त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. तेच पीस पुढच्या मॉडेलला लागतात. चारसहा महिन्यांत शेल्फ रिकामं होतं आणि मॉडेल उरतं ते आपण जिथे टाकलं तिथेच. त्यामुळे माझ्या दृष्टीने जागा निवडताना पहिला प्रश्न हा, की दहा वर्षांनी कोणी आलं तर त्याला ते सापडेल का आणि त्यातून पुन्हा बांधता येईल का.

दहा वर्षं हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. या छंदाच्या ऑनलाइन जागा किती वेळा हलल्या ते बघा. १९९८ मध्ये लगनेट ही गप्पाचर्चेची साइट सुरू झाली, जगभरचे वयाने मोठे लेगोवाले तिथे जमायचे. फोटो ठेवायला त्याच सुमारास ब्रिकशेल्फ आलं. दिसायला अगदी साधं, फोल्डरात फोल्डर, पण हजारो मॉडेलं तिथे होती. जुलै २००७ मध्ये एके दिवशी तिथे फक्त 'बंद' असल्याची सूचना दिसायला लागली. लोकांची वर्षांची मेहनत, आणि आत जायला वाट नाही. काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झालं हे खरं, पण मधल्या दिवसांत अनेकांच्या लक्षात आलं की आपल्या मॉडेलांची दुसरी प्रत आपल्याकडे नाहीच. मग लेगो कलाकार शॉन केनी यांचं मॉकपेजेस होतं. नवख्यांना सांभाळून घेणारी जागा होती ती, कितीतरी मुलांनी आपलं पहिलंवहिलं घर, पहिली गाडी तिथे टाकली. तेही वर्षानुवर्षं अडखळत चाललं आणि शेवटी गेलं.

बरेच जण फ्लिकर या फोटोंच्या साइटवर होते, अजूनही आहेत. २०१३ मध्ये फ्लिकरने एक टेराबाइट जागा फुकट दिली तेव्हा आता प्रश्नच मिटला असं वाटलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते स्मगमग या फोटो साठवणाऱ्या कंपनीने विकत घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की फुकट खात्यावर १००० फोटोंचीच मर्यादा राहील, त्यावरचे फोटो सगळ्यात जुन्यापासून काढले जातील. जुन्यापासून! ज्यांचं मॉडेल आता फक्त फोटोतच उरलंय, ते आधी जाणार. फ्लिकरला मी दोष देत नाही, फुकट साठवण कोणालाच परवडत नाही. पण 'टाकलं म्हणजे राहिलं' ही समजूत सोडायला हवी.

इन्स्टाग्रामबद्दल मी वाईट बोलणार नाही. उत्साह वाढतो, नवीन माणसं भेटतात, एखाद्या रंगसंगतीने दिवस चांगला जातो. रेडिटवर तर बांधणीवर बारकाईने बोलणारे लोक पहिल्या दोन तासांत येतात. पण दोन्हीकडे आजचं उद्याच खाली जातं. इथे फेसबुकवरच्या ग्रुपांत गप्पा सगळ्यात छान होतात असा माझा अनुभव आहे, मात्र ग्रुप खासगी असेल तर बाहेरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. या जागा हाका मारायच्या. हाक मारून लोकांना आपल्या घरी बोलवायचं, तर घर असायला नको का?

माझ्या मते घर म्हणावं अशी जागा ओळखायच्या दोनतीन खुणा आहेत. फोटो मूळ आकारात राहतो का, की बगळ्याच्या मानेसारखा चुरगळतो? लॉगिन न करता, सर्चमधून आलेल्या माणसाला तो दिसतो का? आणि पान उघडल्यावर पीसांची यादी, पायऱ्या, फाइल असं काही जोडता येतं का? या तिसऱ्या खुणेवर मी सगळ्यात जास्त भर देते.

म्हणून माझं मत रीब्रिकेबल या वेबसाइटकडे झुकतं. तिथे आपण आपल्याकडचे सेट नोंदवून ठेवले की कुठल्याही मॉकसाठी लागणाऱ्या पीसांपैकी किती आपल्याकडे आहेत ते दिसतं. एखाद्या मुलीकडे दोनच सेट असतील, तर त्या दोन सेटमधून होणारी दुसऱ्या कोणाची तरी कल्पना तिला सापडते. एकाच सेटचे पीस वापरून केलेल्या पर्यायी मॉडेलांचं तिथे मोठं भांडार आहे, आणि मला ते या छंदातलं सगळ्यात उदार काम वाटतं, कारण बांधणाऱ्याला नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. पायऱ्यांची पुस्तिका फुकट द्या किंवा किंमत लावा, दोन्ही चालतं. किंमत लावणाऱ्यांवर काही जण नाराज होतात, ते मला अजिबात पटत नाही. पुस्तिका बनवायला कधीकधी मॉडेलपेक्षा जास्त वेळ लागतो.

पुस्तिका करायला ब्रिकलिंक या लेगोच्या ऑनलाइन बाजाराचं 'स्टुडिओ' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ब्रिकलिंक २०१९ पासून लेगो कंपनीचंच आहे. मॉडेल स्क्रीनवर बांधायचं, मग त्यातच पायऱ्या पाडायच्या. पण स्टुडिओत काम केलंत तरी एक प्रत एलड्रॉ या लेगो मॉडेलं नोंदवायच्या जुन्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये एलड्रॉ बनवलं. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये ते गेले. त्यांच्या मागे छंदातल्या लोकांनीच ते आजपर्यंत चालवलंय. मध्यंतरी लेगोचं स्वतःचं डिजिटल डिझायनर आलं, वर्षानुवर्षं वापरलं गेलं आणि २०२२ मध्ये बंद करून त्याची जागा स्टुडिओला दिली गेली. एलड्रॉच्या फाइली मात्र अजून उघडतात.

का उघडतात ते आत बघितलं की कळतं. ही फाइल म्हणजे साधा मजकूर. एक ठोकळा म्हणजे एक ओळ:

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

पहिला १ सांगतो की या ओळीत एक पीस आहे. ४ म्हणजे लाल रंग. पुढची तीन शून्यं म्हणजे त्याची जागा. नंतरचे नऊ आकडे तो कुठल्या बाजूला वळलाय ते सांगतात, इथे तो सरळ आहे. आणि ३००१ म्हणजे आपला नेहमीचा दोन बाय चारचा ठोकळा. एका स्टडच्या ठोकळ्याची रुंदी २० एकक, ठोकळ्याची उंची २४, प्लेटची, म्हणजे चपट्या ठोकळ्याची, ८. बस, एवढंच. कुठलंही सॉफ्टवेअर उरलं नाही तरी कागद-पेन्सिल घेऊन हे मॉडेल परत उभं करता येईल. बगळ्याची अशी फाइल असती तर त्या मुलाला मी मानेच्या ओळी तशाच पाठवल्या असत्या.

लेगो आयडियाज या कंपनीच्याच साइटबद्दलही विचारणा होते, "चांगलं मॉडेल आहे, तिकडेच का टाकत नाहीस?" २००८ मध्ये जपानमध्ये कुसू नावाने हे सुरू झालं, २०१४ पासून आयडियाज. १०,००० समर्थक मिळाले तर कंपनी परीक्षणाला घेते, निवड होऊन सेट निघाला तर निव्वळ विक्रीच्या १ टक्का रक्कम डिझायनरला मिळते. ज्याला आपलं मॉडेल दुकानात बघायचंय त्याने जरूर जावं, अटी नीट वाचून जावं. पण पहिल्या ६० दिवसांत १०० समर्थक गोळा करायचे, मग पुढचा टप्पा, मग त्याच्या पुढचा, म्हणजे महिनोन्महिने लोकांकडे मत मागत फिरणं आलं. काही स्वभावांना ते मानवतं. मी दोन हुशार पोरांना यात दमलेलं बघितलंय. मतं मिळाली नाहीत म्हणून त्यांनी बांधणंच कमी केलं, आणि त्यातल्या एकाची बिजागरी काय सुंदर असायची! ती स्पर्धेची जागा आहे. पहिलं मॉडेल तिथे टाकू नका.

आता चोरीची भीती. ही खोटी नाही. परवानगी न घेता लोकांची डिझाइनं उचलून त्यांची किटं विकणारे आहेत, आणि ज्याचं पोट पुस्तिकांच्या विक्रीवर आहे त्याला याचा खरा फटका बसतो. त्याने फाइल उघडी ठेवू नये, हे मी समजू शकते. पण छंद म्हणून बांधणाऱ्या आपल्यासारख्यांनी या भीतीपोटी फोटोही दडवून ठेवावेत हे मला मान्य नाही. उलट आपल्या नावाने, तारखेसकट, नीट पानावर टाकलेलं मॉडेल हाच आपल्या हातातला पुरावा असतो. फोटो फक्त फिरत राहिला की कोणाचा ते कोणालाच कळत नाही. माझ्या बगळ्याचंच बघा, त्या मुलाला तो मिळाला तेव्हा त्यावर माझं नाव नव्हतं. चार ठिकाणी विचारत तो माझ्यापर्यंत पोचला.

(मुलांची मॉडेलं टाकणाऱ्या आईवडिलांना एवढंच सांगते, मॉडेल टाका, मुलाचा चेहरा आणि शाळेचं नाव टाकू नका. कौतुक मॉडेलचं होतं, ते पुरतं.)

माझी स्वतःची पद्धत आता बदलली आहे. मॉडेल पूर्ण झालं की खिडकीजवळच्या उजेडात, मागे साधा कागद लावून फोटो काढते. समोरून, बाजूने, आणि उलटं करून खालूनही. खालचा फोटो कोणी टाकत नाही आणि बांधणाऱ्याला खरं तर तोच हवा असतो. मग मोडायचा दिवस आला की फोन स्टँडवर लावते आणि मोडता मोडता प्रत्येक थर निघाला की एक फोटो. आधी चोच, मग डोकं, मग मान. हे फोटो उलट्या क्रमाने लावले की पायऱ्यांची पुस्तिका तयार. स्टुडिओ येत नसेल, शिकायला वेळ नसेल, तरी हे कोणालाही जमतं. फोटो मूळ आकारात घरच्या हार्ड डिस्कवर, एक प्रत दुसरीकडे, मग रीब्रिकेबलवर पान, आणि सगळ्यात शेवटी इथे आणि इन्स्टाग्रामवर एक छानसा फोटो, पानाच्या लिंकसकट. पूर्वी माझा क्रम बरोबर उलटा होता. शेवटचं तेवढं करायचे, बाकीचं राहून जायचं.

त्या मुलाला मी उत्तर दिलं, "मला आठवत नाही, पण शोधते." शनिवारी डबे काढून बसले. बार घालून बघितला, मान ताठ राहिली पण तो बाक येईना. लवचिक नळी घातली तर बाक आला, पण डोक्याच्या वजनाने ती हळूहळू खाली यायला लागली. मग नळी तीच ठेवून तिच्यावर एकाआड एक क्लिपच्या प्लेट अडकवत गेले, प्रत्येक प्लेट आधीच्या प्लेटवर टेकेल अशी. थांबली. तेव्हाही असंच केलं होतं का, कोण जाणे. त्याचे फोटो त्याला पाठवले, पानावरही टाकले.

तासाभराने त्याचं उत्तर आलं. तोवर त्याने त्याच्या पद्धतीने मान बनवलीही होती, नळीशिवाय, छोट्या बॉल जॉइंटांची साखळी करून. फोटोत त्याचा बगळा एका पायावर उभा होता. मी लिहिलं, "मोडायच्या आधी खालून एक फोटो काढ, आणि मोडताना थराथराने काढ." रात्री त्याच्याकडून अकरा फोटो आले. सातव्यात मान दिसतेय.