काटेरी लगामाने घोडा काबूत येतो म्हणणाऱ्यांनी आधी घोड्याचं तोंड उघडून बघावं

गेल्या रविवारी दहिवडीहून चुलतभावाचा फोन आला. "ताई, घोडी लगाम घालू देत नाही. लगाम दिसला की मान आभाळात. पोरीला तर जवळच येऊ देईना." घोडी पाच वर्षांची, दिवाळीत अकलूजच्या बाजारातून आणलेली. इतकी गरीब की भाची तिच्या पोटाखालून इकडून तिकडे जायची. अशी घोडी महिन्याभरात डोकं झटकायला लागते, तेव्हा तिला कुठेतरी दुखत असतं. लगाम कोणता घातलायस, असं विचारलं तर उत्तर म्हणून त्याने एक मेसेज पाठवला.

तो मेसेज माझ्याकडे आधीच तीन ठिकाणांहून येऊन गेला होता, त्यातला एक घोडागाडी शर्यतीवाल्यांचा ग्रुप. "घोडा काबूत ठेवण्याचे नियम" असं त्याचं नाव. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: लगाम बसतो तिथे घोड्याला दात नसतात, म्हणून तिथे दुखत नाही. जोरकस घोडा काटेरी लगामाशिवाय थांबत नाही. तोंडाला फेस आला म्हणजे घोडा खूश. सुरुवातीला रक्त आलं तर हळद भरा, पुढे तोंड पक्कं होतं. आणि मराठ्यांचे घोडे याच लगामावर दौडले, मऊ लगाम हे परदेशी थेर. खाली "प्रत्येक घोडेवाल्यापर्यंत पोचवा". तो पोचलाही, आमच्या घरात. भावाने त्यावर विसंबून काटेरी लगाम विकत आणला. त्याच्या दोन्ही गालांकडच्या चकत्यांना आतून खिळे आणि तोंडातल्या दांड्यावर दातेरी चक्र्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कराडहून एसटी धरली. मी अठरा वर्षं मुलांना घोडेस्वारी शिकवतेय, तोंड बिघडलेले घोडे पुष्कळ बघितलेत. तरी त्या घोडीच्या जिवणीच्या कोपऱ्याला नुसतं बोट लावलं आणि तिचं अंग थरथरलं, ते बघून गलबललं. ओठ वर करून टॉर्च मारला. उजव्या बाजूला, खालच्या जबड्यावर, पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात त्या मोकळ्या जागेत ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा पडला होता. कडा पांढुरक्या, मध्ये लालभडक. जिवणी दोन्हीकडे चिरलेली. जिभेच्या कडेला एक जुना व्रण. बाहेरून यातलं काहीही दिसत नव्हतं. भाऊ शेजारी उभा राहून म्हणाला, "रक्त तर कधी आलं नाही गं."

म्हणून पहिल्या मुद्द्यावर जरा थांबून लिहिते, कारण बाकी सगळा मेसेज त्याच्यावरच उभा आहे.

लगाम बसतो त्या जागी दात नसतात, हे खरं. दात नाहीत म्हणून तिथे दुखत नाही, हे मात्र कुठून काढलं? तिथे जबड्याचं हाड आहे, वरून धारेसारखं अरुंद, आणि त्यावर हिरडीचा पातळ पापुद्रा. मध्ये ना मांस ना चरबी. आपल्या नडगीसारखीच ही जागा. अंधारात नडगी पलंगाच्या कडेवर आपटली की डोळ्यांसमोर काजवे चमकतात, आणि नडगीला काही दात नसतात. त्यात खालच्या जबड्याच्या मज्जातंतूची शाखा याच मोकळ्या जागेच्या बाजूला हाडातल्या छिद्रातून बाहेर पडते, तिच्यामुळे खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव असते. घोडा तोंडात आलेल्या वैरणीतून खडा ओठांनी बाजूला सारतो, एवढं ते तोंड हळवं. नर घोड्यांना तर चार-पाच वर्षांच्या सुमारास याच मोकळ्या जागेत सुळे फुटतात. काही घोड्यांना पहिल्या दाढेपुढे खुंटासारखा लहान दात येतो, पशुवैद्य त्याला वुल्फ टूथ म्हणतात. लगाम त्यावर आपटला की घोडा मान फेकतो आणि आपण त्याला आडमुठा म्हणतो. म्हणजे 'दात नसतात' हेसुद्धा प्रत्येक घोड्याच्या बाबतीत पूर्ण खरं नाही.

भावाला हे सांगून पटेना. तेव्हा तोच लगाम फडक्यात गुंडाळून त्याच्या नडगीवर ठेवला आणि दोन्ही वाद्या, म्हणजे लगामाचे हातात धरायचे पट्टे, हलक्या हाताने ओढल्या. फडक्याच्या दोन घड्या होत्या, तरी त्याने पाय मागे घेतला. घोडीला पाय मागे घ्यायची सोय नाही. ती मान वर करते, तोंड उघडते, जीभ लगामावरून काढायला बघते. तिच्या हातात तेवढंच आहे.

कुणी म्हणेल, एका घोडीवरून काय ठरतं? मग हे ऐका. फिनलंडमध्ये काटी टुओमोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडी ओढत दुडक्या चालीने धावणारे शर्यतीचे २६१ घोडे शर्यत संपल्यावर तपासले. तोंडात जिथे लगाम बसतो तो भाग टॉर्च लावून बघितला, हाताने चाचपला. २०१९ साली हा अभ्यास छापून आला. त्यातल्या ८४ टक्के घोड्यांना त्या भागात ताज्या जखमा होत्या. लक्षात घ्या, हे काटेरी लगाम नव्हते. नियमांनी बांधलेल्या खेळातले, रोज वापरायचे लगाम होते. आणि ज्यांच्या तोंडाबाहेर रक्त दिसलं असे घोडे अगदी मोजके. 'रक्त आलं नाही' हा पुरावाच होऊ शकत नाही, जखम आतल्या आत राहते. आता कुणी म्हणेल, ते गाडीचे घोडे, आपले स्वारीचे. म्हणा. हाड आणि हिरडी दोघांचीही तीच. साध्या लगामाने ही गत होत असेल, तर खिळे आणि चक्र्यांनी काय होत असेल?

दुसरा मुद्दा, जोरकस घोडा काटेरी लगामाशिवाय थांबत नाही. सगळ्यात जास्त नुकसान हा करतो, कारण यात माणसाचाही जीव जाऊ शकतो. घोडा भीतीने पळणारं जनावर आहे. दुखलं की तो दुखण्यापासून पळतो, आणि इथे दुखणं त्याच्या तोंडातच बसलेलं असतं. जितकं ओढाल तितकी मान वर, पाठ ताठ, पाय सुसाट. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर माणसाच्या दंडाच्या जोरावर थांबत नाही. ते थांबतं शिकवल्यामुळे: हळू वादी धरली की थांब, थांबलास की लगेच सैल. ही सैल सोडण्याची वेळ चुकवणारे लोकच पुढे म्हणतात, घोडा तोंडाला घट्ट आहे. उधळलाच तर दोन्ही हातांनी मागे खेचू नका. एका बाजूची वादी जवळ घेऊन हळूहळू वर्तुळ लहान करत आणा. हे मोकळ्या मैदानात आधी शंभर वेळा चालीवर करून घेतलेलं असावं लागतं. आपल्याकडे लहानपणी कोडं घालतात: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? फिरवला नाही म्हणून. आठवडाभर दाव्याला बांधलेल्या, खुराक खाल्लेल्या घोडीवर रविवारी पोरीला बसवायचं आणि ती उड्या मारते म्हणून तोंडात खिळे घालायचे, हा कुठला न्याय?

आणि हे बेकायदाही आहे. केंद्राचे १९६५ चे ओझी ओढणाऱ्या व वाहणाऱ्या जनावरांबद्दलचे नियम आहेत. जनावर हाकताना किंवा त्यावर स्वारी करताना काटे, गुठळ्या किंवा टोकं असलेला लगाम वापरायला त्यातल्या आठव्या नियमाने मनाई केली आहे. बाजारात मिळतो म्हणून चालतो, असं नाही. शर्यतीवाल्या मंडळींनी हे खास वाचावं.

फेसाचं एका वाक्यात सांगते. तोंड किंचित ओलं असणं ठीक, पण फेसाचे लोळ गळतायत, तोंड उघडं आहे, जीभ बाहेर लोंबतेय किंवा निळी पडतेय, तर तो घोडा त्रासात आहे. हळदीबद्दल तर काही बोलायचीही इच्छा नाही. जखमेत हळद भरून त्याच जखमेवर पुन्हा लोखंड ठेवायचं, आणि त्यामुळे 'तोंड पक्कं होतं'? पक्कं म्हणजे व्रण धरून बधिर झालेलं. तेच तोंड पुढे कशालाच दाद देत नाही आणि घोडा कवडीमोलाने विकला जातो.

राहिला मराठ्यांचा मुद्दा. साताऱ्याच्या माणसाला हा बरोबर लागतो, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ते ठाऊक आहे. मान्य करते, जुन्या काळात कडक लगाम होते. नुसते आपल्याकडे नाही, जगभरच्या घोडदळांत होते. एका हातात भाला किंवा तलवार, त्यामुळे घोडा दुसऱ्या एकाच हाताने आवरायचा. पण तो स्वार दिवसच्या दिवस घोड्यावर काढायचा. त्याची मांड पक्की, तोल जाऊन तो लगामाला लटकत नसे. अकरा वर्षांची पोरगी दुडक्या चालीत तोल गेला की वादीलाच धरते, आणि तिचं सगळं वजन घोडीच्या जबड्यावर येतं. शिवाय भीमथडीच्या, म्हणजे भीमा नदीकाठच्या, तट्टांचं नाव झालं ते काटकपणासाठी. थोड्या वैरणीवर आणि घाटवाटांवर टिकायची म्हणून. त्या नावाखाली खिळे विकू नका. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण आपल्याच जिल्ह्यात, तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला होतं. माउलींचा अश्व पाठीवर स्वार नसताना त्या गर्दीतून धावतो, आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. घोड्याशी आपलं असंही नातं आहे, ते मेसेजमध्ये का नाही?

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याला द्यावी लागेल. 'मऊ लगाम म्हणून विकतात ते सगळं मऊ नसतं,' असं त्याने लिहिलंय, आणि ते खरं आहे. जाड रबरी दांडा आपल्या लहान तोंडाच्या घोड्याला बरा वाटेलच असं नाही. बंद तोंडात जिभेनेच सगळी जागा भरलेली असते, जाड दांड्याला जागा कुठून आणायची? बिनलोखंडाचा, नाकावर दाब देणारा लगामही खाली बांधला तर नाकाच्या कोवळ्या भागावर येतो, आणि घोडा श्वास नाकानेच घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही. लांब दांड्यांचा असेल तर तोही तरफच. हनुवटीखाली साखळी असलेल्या लगामाची गोष्ट तीच: बाजूचा दांडा तोंडातल्या दांड्याच्या वर पाच सेंटिमीटर आणि खाली पंधरा सेंटिमीटर असेल, तर हाताच्या ओढीच्या तिप्पट जोर साखळीवर पडतो. शिकाऊ हातात हा प्रकार नकोच.

मग घ्यायचा कोणता? भावाला सांगितलं तेच इथे लिहिते. आधी पशुवैद्याकडून दात बघून घ्यायचे, दाढांच्या धारा वाढल्या असतील तर घासून घ्यायच्या. जखम भरेपर्यंत तोंडात काहीच नाही. नाकपट्टीचा लगाम, पट्टी गालाच्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली, आणि नाकाच्या हाडावर पट्टीखाली दोन बोटं सहज जातील एवढी सैल. तोही बंद आवारात, घोडी दोरीवर धरून. जखम भरली की साधा स्नॅफल, बाजूला गोल कड्या, लांब दांडे नाहीत, साखळी नाही. एका सांध्याचा दोन्हीकडून ओढला की मध्ये दुमडतो आणि जीभ अडकित्त्यात सापडल्यासारखी होते, म्हणून दोन सांध्यांचा, मध्ये गोल कडांचा मणी असलेला घ्यायचा. विकत घेताना सांध्यांवरून अंगठा फिरवायचा, चामडी चिमटली की तो परत ठेवायचा. थंडीच्या दिवसांत दांडा आधी मुठीत धरून ऊबदार करायचा, मग तोंडात द्यायचा. आणि नवख्या मुलांच्या हातात वाद्या देण्याआधी घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधायचा. तोल गेला की तो धरायचा. आमच्याकडे पहिले दोन महिने मुलांना वाद्या मिळतच नाहीत.

घोडीच्या तोंडाचं माप मी लाकडी पट्टी आडवी धरून घेतलं, भाचीने दोन्ही जिवण्यांजवळ पेन्सिलीने खुणा केल्या. पाच इंचांना जरासं कमी भरलं. दोन्हीकडे मिळून साधारण अर्धा सेंटिमीटर मोकळा राहील असा लगाम बघायला भावाला सांगितलंय. पशुवैद्य पंधरा दिवसांनी पुन्हा तोंड बघणार आहेत, तोवर लोखंड घालणार नाही असं त्याने पोरीसमोर कबूल केलंय. काटेरी लगाम मी पिशवीत घालून कराडला घेऊन आलेय.