व्याही, वारा आणि वराह

व्याह्यांना नाही म्हणायचं नसतं, हे मुलीच्या बापाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे टेक्सासातल्या माझ्या व्याह्यांनी फोनवर, ‘एप्रिलमध्ये येताच आहात, तर सगळे मिळून रानडुकराच्या शिकारीला जाऊ, धनुष्यबाण घेऊन,’ असं सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून सवयीने ‘वा वा, उत्तम’ गेलं. वास्तविक या सव्वासहा फुटी गृहस्थाला आपण वरबाप आहोत याचा पत्ताच नाही. लग्नात त्याने स्वतः खुर्च्या मांडल्या, हिच्या हातातली बॅग ओढून घेतली आणि मानपानाचं विचारलं तर ‘चहा चालेल’ म्हणाला. एवढा मोठा हक्क इतक्या आनंदाने वाया घालवणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण त्याला नसला तरी मला पत्ता आहे ना!

पहिली आशा कायद्यावर होती. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शेतात शिरलेलं रानडुक्कर मारायचं तरी आधी परवानगी लागते. तेव्हा इथेही अर्ज, शिक्का, फोटो असं काहीतरी असणार आणि पर्यटक व्हिसावरच्या माणसाला ते मिळणार नाही, असा माझा हिशेब. जन्म बँकेत गेल्यामुळे अपुऱ्या कागदपत्रांच्या ताकदीवर माझा गाढ विश्वास आहे. जावयाने तो मोडला. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाची संमती असेल तर, रानडुकरासाठी शिकारीचं लायसन्सच लागत नाही. हंगाम नाही, किती मारायची याला मर्यादा नाही. मालक कोण? व्याह्यांचे थोरले बंधू. ते शेजारीच उभे होते. ‘संमती आहे,’ म्हणाले.

दुसरी आशा हिच्यावर. ती वाया गेली नसती, पण ही मला अडवायच्या ऐवजी सुनावण्यातच रमली. ‘अहो, दशावतारातला तिसरा अवतार तो! आणि तुम्ही त्याला बाण मारायला निघालात? तेही चैत्रात?’ मी म्हटलं, अर्जुनानेही मारला होता. ‘त्याच्यासमोर महादेव होते. तुमच्यासमोर व्याही आहेत.’

ऑस्टिनच्या वायव्येला दीडेक तासावर लॅनो नावाचं गाव आहे. गुलाबी ग्रॅनाइटचे खडक, निवडुंग, मेस्कीटची काटेरी झाडं आणि रस्त्याच्या कडेला निळ्या फुलांचे पट्टे. तिथे बंधूंचं रँच. जमीन पाहून मला पहिल्यांदा या मोहिमेबद्दल आपुलकी वाटली, कारण ती जागोजाग उकरलेली होती. ती उकर मी झोपेतही ओळखीन. लांज्याजवळच्या आमच्या गावी भात पोटरीला आलं की डुकरं यायची. एका रात्रीत सहा महिन्यांची मेहनत लोळवून जायची, जाताजाता परड्यातला सुरणही काढून न्यायची. आम्ही पोरं माळ्यावर राखणीला बसायचो. रॉकेलचे डबे बडवायचे, कुकारे घालायचे, पहाटेपर्यंत ओरडून घसा बसायचा. डुकरं यायचीच. डब्याच्या तालावर खायची.

इथली डुकरं मूळची इथली नव्हेत. १५३९ साली हर्नांडो डी सोटो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला तो चालतंबोलतं रेशन म्हणून डुकरं घेऊनच. स्पॅनिशांची डुकरं सुटून रानात गेली. पुढे १९३० च्या सुमारास काही हौशी लोकांनी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं टेक्सासात आणली, तीही कुंपणातून निसटली आणि आधीच्यांशी सोयरीक करून बसली. मादीला दिवस किती? तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. एका वेताला पाच-सहा पिल्लं. चक्रवाढ व्याज आयुष्यभर पाहिलं, पण हा दर कुठल्याच बँकेला परवडला नसता.

म्हणून सरकारने हात मोकळे सोडले आहेत. २०११ पासून टेक्सासात पैसे भरून हेलिकॉप्टरमधून रानडुकरं मारता येतात. २०१७ मध्ये गरम हवेच्या फुग्यातून मारायलाही परवानगी दिली. फुग्यातून! हा कायदा मांडताना सभागृहातल्यांनी चेहरे सरळ कसे ठेवले असतील कोण जाणे. तर ज्या राज्यात आकाशातून उतरून डुक्कर मारायची सोय आहे, तिथे माझे व्याही हातात लाकूड आणि दोरी घेऊन जमिनीवर बसतात, आणि डुक्कर पंधरा-वीस पावलांवर आल्याशिवाय बाण सोडत नाहीत. का? तर त्यांचा संप्रदायच तो. ‘ट्रॅडिशनल’. लाँगबो, म्हणजे साधं लांब धनुष्य, किंवा रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं. नेमाची खूण नाही, दुर्बीण नाही. काहींचं धनुष्य ओसेज ऑरेंजच्या लाकडातून घरी तासलेलं, बाण सीडरचे, पिसं टर्कीची. एक पुतण्या कंपाउंड धनुष्य घेऊन आला होता, त्याला दोन्ही टोकांना कप्प्या असतात. थोरल्या बंधूंनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, ‘चाकं सायकलला बरी,’ म्हणाले, आणि त्या बिचाऱ्याला दोन दिवस पंक्तीबाहेर पान मांडल्यासारखं वागवलं. सोवळं काय फक्त आपल्याकडेच असतं?

मंडळी बरीच होती. व्याही, बंधू, जावई, तो बाटलेला पुतण्या, एक निवृत्त दंतवैद्य, आणि बंधूंची बारा वर्षांची नात. माझी लेक मला बाबा म्हणते म्हणून हे सगळेच मला बाबा म्हणत. पंच्याहत्तरीच्या बंधूंनी ‘बाबा, बीन्स वाढू?’ असं विचारलं की मला उगाचच आशीर्वाद द्यावासा वाटे.

पहिल्या दुपारी सराव. समोर फोमचं डुक्कर. माझ्या हाती पंचेचाळीस पौंडी रिकर्व्ह दिलं. पंचेचाळीस पौंड म्हणजे वीस किलो, आणि ते तीन बोटांनी गालापर्यंत ओढायचं. लहानपणी बांबूची कांब आणि छत्रीची काडी यांच्या जोरावर मी वाडीतल्या सगळ्या पपया जायबंदी केल्या होत्या, तेव्हा आत्मविश्वास होता. धनुष्य चार इंच वाकलं आणि थांबलं. सीतास्वयंवरात रावण छाताडावर धनुष्य घेऊन आडवा होतो तो दशावतारी खेळातला प्रवेश मी शंभरदा हसून पाहिला आहे. आता त्या नटाबद्दल आदर वाटतो. शेवटी नातीने तिचं पंचवीस पौंडी धनुष्य आणून दिलं. बाण सुटला, दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला फाडकन बसली, आणि फोमचं डुक्कर सोडून पलीकडची शेणाची गोणी धारातीर्थी पडली. ‘छान सुटला, बाबा,’ सगळे म्हणाले. अमेरिकन माणूस कौतुक करताना फार निर्दय होतो.

हात जांभळा झाला. हिने लगोलग हळदीचा लेप घातला, आणि मोहिमेवर संकट आलं.

कारण डुकराला दिसतं बेताचं, पण नाक असं की विचारू नका. इथे सगळा कारभार वासाचा. बंधूंनी प्रत्येकाची तपासणी केली. कपडे बिनवासाच्या साबणात धुतलेले, अंघोळ सोड्याने. माझी यादी लांबत गेली: केसांचं तेल, कपाळाचा बाम, खिशातली लवंग, आता हळद. दंतवैद्याने लांबून हुंगून ‘आणि लसूण’ अशी भर घातली. तो वास प्रवासात सोबत असावी म्हणून आणलेल्या चटणीचा होता. मला पुन्हा सोड्याने धुतलं. साठ वर्षांत जमवलेलं व्यक्तिमत्त्व पंधरा मिनिटांत मोरीत गेलं.

वारा कुठून वाहतो हे बघायला दंतवैद्याने खिशातून एक सुकी शेंग काढली, तिच्यातला पांढरा कापूस चिमटीत धरून सोडला. मिल्कवीड. बघतो तर रुईच्या म्हाताऱ्या! ज्यांच्यामागे आम्ही शाळेच्या वाटेवर धावायचो त्याच. म्हातारी सरळ माझ्याकडून डुकरांच्या वाटेकडे गेली. मला उठवून दुसऱ्या लपणात बसवलं. मग वारा फिरला. मग मला पुन्हा उठवलं. त्या संध्याकाळी टेक्सासच्या वाऱ्याचं माझ्याशी काहीतरी वैर होतं.

अखेर मी आणि व्याही एका लपणात, शेजारी शेजारी. समोर तिपाईवर मक्याचं पिंप, त्याखाली वेळ लावलेली चकती. ठरल्या वेळी ती फिरते आणि मका उधळते. नियम एकच: बोलायचं नाही, हलायचं नाही. आता, आमच्याकडे दोन व्याही तीन तास शेजारी बसून एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत, तर मध्यस्थ बोलवावा लागतो. मी सवयीने ‘यंदा पाऊसपाणी कसं?’ एवढं कुजबुजलो. व्याह्यांनी इतक्या मायेने ओठांवर बोट ठेवलं की पुढचं सगळं गिळावं लागलं. खोकला आला, तो गिळला. तांबड्या मुंग्यांची रांग विजारीत शिरली. आमच्या ओंबिलांना डंखाची तरी शिस्त आहे, एक चावते, दुसरी थांबते. इथल्या सगळ्या आत जाऊन दबा धरतात आणि एकदम चावतात. मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली, मनातल्या मनात.

आणि पालापाचोळ्यात खसखस झाली. मोठी. जवळ येणारी. व्याह्यांची बोटं दोरीवर गेली. माझं काळीज घशाशी. झुडूप हललं, आणि बाहेर आला एक आर्माडिलो. मांजराएवढा जीव, अंगावर चिलखत, चालताना आवाज गव्याचा. तो आमच्या बुटांपाशी येऊन किडे टिपून गेला. मग हरणं आली, मका खाऊन गेली. लाल कार्डिनल पक्षी आले. रॅकून आला, त्याने तर तिपाईवर चढून चकतीच हाताने फिरवली. आमंत्रण ज्याच्या नावाने, तो सोडून सगळा गाव जेवून गेला. ओरडून ओरडून ज्यांना हाकललं ती तेव्हा हटकून यायची, आणि आता श्वास रोखून बोलावतोय तर पत्ता नाही.

रात्री शेकोटीपाशी दंतवैद्याने इशीची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा हा शेवटचा माणूस १९११ साली उपाशीपोटी रानातून बाहेर आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला ठेवून घेतलं. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य तासायला, बाण सोडायला शिकला. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. या सगळ्या मंडळींचं वेड थेट त्या विद्येपर्यंत पोहोचतं. मी त्यांना द्रोणाचार्य आणि एकलव्याचं सांगितलं. अंगठ्याचा भाग आला तेव्हा सगळ्यांनी नकळत आपापल्या बोटांकडे पाहिलं. जमातीचं काय झालं हे विचारल्यावर मात्र ते बराच वेळ शेकोटीतली लाकडं सारखी करत राहिले.

दुसऱ्या संध्याकाळी कळप आला. खराच. सात-आठ काळी धुडं, पुढे एक दांडगी मादी. पिंपाच्या एका अंगाला जावई, दुसऱ्या अंगाला थोरले बंधू. दोघांनीही एकाच क्षणी बाण सोडला. एक बाण मादीच्या पाठीवरून निवडुंगात गेला, दुसरा मक्याच्या प्लॅस्टिकच्या पिंपात घुसला. कळप गुल. किरात आणि अर्जुन यांच्यात वराह कुणाच्या बाणाने मेला यावरून जुंपली होती. इथे पिंप कुणी मारलं यावरून जुंपली. पिसांच्या रंगावरून कळायला हवं होतं, पण या दोघांनी एकाच टेबलावर एकाच गठ्ठ्यातली पिवळी पिसं चिकटवली होती. निवडुंगातला बाण दोघांचा, पिंपातला कुणाचाच नाही. ‘बाबा, तुम्ही पाहिलंत,’ म्हणून दोघं माझ्याकडे आले. एक जावई, एक व्याह्यांचा थोरला भाऊ. मी मुलीचा बाप. मी म्हटलं, तेव्हा माझ्या डोळ्यात मुंगी गेली होती.

पिंपाच्या भोकातून मका रात्रभर गळत राहिला. कळपाने परत येऊन तो निवांत संपवला असावा आणि गोड म्हणून काही मिळतंय का हे बघायला तो घराकडे वळला असावा. पहाटे तीनला मागच्या बाजूने विहीणबाईंची किंकाळी आली. त्यांचे टोमॅटोचे वाफे, त्यांची रताळी, सगळ्यात डुकरं. पुरुष मंडळी उठली. उतरवून ठेवलेल्या धनुष्यांना अंधारात दोऱ्या चढेनात. बंधूंना चष्मा सापडेना. ट्रॅडिशनल लोकांना बॅटरीच्या उजेडात बाण मारणं शोभतं का, यावर जावई आणि व्याही हलक्या आवाजात चर्चा करू लागले. पुतण्याचं धनुष्य तेवढं तयार होतं, पण त्याला कुणी हाक मारली नाही.

तेवढ्यात आमची ही बाहेर आली. नऊवारीची हौस इथेही सोडली नव्हती, पदर खोचलेला, एका हातात विहीणबाईंची बिडाची तवी, दुसऱ्या हातात उलथनं. आणि चाळीस वर्षं डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये दाबून ठेवलेला माहेरचा कुकारा तिने घातला. ‘हाऽऽड्! हूऽऽऽ! हाऽऽड् मेल्यांनो!’ तवी ठणठणली. अख्खा कळप कुंपण मोडून उधळला. दंतवैद्याचा कुत्रा कुणाच्याही सांगण्याशिवाय गाडीखाली गेला. रानात दूर कुठेतरी कायोटी, म्हणजे इकडचे कोल्हे, बोलत होते, तेही थांबले.

सकाळी कुणी लपणात गेलं नाही. गावात जाऊन भट्टीवरचं डुकराचं मांस पौंडावर तोलून आणलं, पंधरा मिनिटांत काम झालं. ही आपला दहीभात घेऊन लांब बसली. जेवता जेवता बंधूंचं आणि व्याह्यांचं काहीतरी खलबत चाललं होतं. मग व्याही उठून माझ्यापाशी आले, घसा खाकरला, आणि जन्मात प्रथमच वरबापासारखे अवघडून उभे राहिले. म्हणाले, ‘बाबा, पुढच्या वर्षी ताई आमच्याबरोबर हाकाऱ्याला येतील का? त्यांनी त्या बाजूने डुकरं उठवायची, आम्ही या बाजूला बसू.’

मी हिला विचारलं. हिने ताक पिऊन पेला खाली ठेवला.

‘येईन की. पण त्यांना म्हणावं, कुठल्या बाजूला हाकलायचं ते मी ठरवीन.’