सहाशेंतले सहा

2024 च्या ऑक्टोबरात आमच्या नोव्हायच्या घरी पोलवाल्यांचा फोन आला. मिशिगन म्हणजे निवडणुकीचं कुरुक्षेत्र, त्यामुळे असे फोन रोजचेच. वय, शिक्षण, मत कुणाला, आणि शेवटी वंश. मी म्हटलं, एशियन. झालं! मी कोल्हापूरची, शेजारचं जपानी कुटुंब आणि हॅमट्रॅमॅकमधले बांगलादेशी, सगळे एका खणात.

त्याच आठवड्यात मामा फोनवर म्हणाले, "तुमच्याकडं बरं हाय बाई. हितं मराठा किती, ओबीसी किती, ह्याशिवाय बातमी सरत न्हाई." मला हसू आलं. इथल्या टीव्हीवर काळे, लॅटिनो, उपनगरातल्या गोऱ्या बायका, कॉलेज न शिकलेले गोरे असंच दळण चालू होतं.

गट मोजण्याला माझी हरकत नाही. 2016 मध्ये राज्यांतल्या बऱ्याच पोलनी शिक्षणाचा हिशेब धरला नाही, कमी शिकलेले गोरे नमुन्यात कमी पडले आणि पोलचा अंदाज खोटा ठरवत ट्रम्प मिशिगन 10,704 मतांनी घेऊन गेले. पण सहाशे जणांच्या पोलमध्ये काळे मतदार ऐंशीच्या आसपास असतात. तेवढ्यांवरून काढलेला आकडा दहा-अकरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. आम्ही भारतीय सहा सापडलो तरी पुष्कळ. तरी रात्री चर्चा रंगतेच: काळे पुरुष ट्रम्पकडे फिरले का?

मिशिगनमधल्याच डिअरबॉर्नचं तर विचारूच नका. तिथे निम्म्याहून अधिक वस्ती अरबांची, आणि 2020 च्या जनगणनेच्या खात्यात अरब म्हणजे गोरे! 2020 मध्ये बायडन यांना भरभरून मतं देणाऱ्या या गावात गाझातल्या युद्धाच्या रागामुळे 2024 ला ट्रम्प 42 टक्के, बायडन यांच्याच पक्षाच्या हॅरिस 36. गोऱ्यांच्या रकान्यात हा राग शोधायचा कसा?

आपल्याकडे तरी काय वेगळं? सगळ्या जातींची जाहीर झालेली शेवटची मोजणी 1931 ची, आणि त्यावर मतदारसंघांची गणितं ठामपणे मांडायची. 2024 च्या लोकसभेला आघाडीच्या 48 पैकी 30 जागा आल्या. पाच महिन्यांत विधानसभेला महायुती 288 पैकी 230 वर. जाती त्याच, गावं तीच.

हे सगळं मामांना ऐकवलं. ते जरा वेळ गप्प राहिले.

"पर पोरी, त्यांनी तुला जात इचारलीच न्हाई?"